न कळता डोलावलेली मान

आमच्या कापडे गावाहून निघाले तेव्हा भात पोटरीवर आलं होतं. त्या सकाळी पाऊस नव्हता, पण रस्त्याकडेचं गवत ओलं होतं. माझ्या नव्या बुटांना पहिला चिखल लागला तो आमच्याच बांधावरचा. आई गाडीपर्यंत आली. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाली आणि शेताकडे वळली. निरोप द्यायला उभं राहणं तिला जमत नाही. बाबा पोलादपूरपर्यंत गाडीत सोबत होते. तालुक्याच्या कचेरीत कारकुनीत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी उतरण्याआधी माझी सगळी कागदपत्रं एकदा चाळली, क्रमाने लावली आणि परत माझ्या हातात दिली.

मी परिचारिका. महाडच्या एका खासगी दवाखान्यात सहा वर्षं काम केल्यावर वृद्धांच्या शुश्रूषेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायला मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात प्रवेश मिळाला होता. इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण पडले होते. त्या गुणांवर माझा फार विश्वास होता.

तो विश्वास विमानतळाबाहेरच्या टॅक्सीत संपला. चालक पन्नाशीचा, गप्पिष्ट. तो अर्धा तास बोलत होता आणि मला त्यातले ‘इंडिया’ आणि ‘रेन’ एवढे दोनच शब्द कळले. बाकी वाक्यं नदीच्या पाण्यासारखी समोरून वाहत गेली. मी मान डोलावत राहिले. गाडी थांबल्यावर त्याने काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान डोलावली. शेवटी त्याने समोरच्या दोन दरवाज्यांकडे आळीपाळीने बोट केलं, तेव्हा कळलं, तो विचारत होता, यातला तुमचा कोणता?

शहर तांबूस दगडाचं. घरं उंच, रस्ते रुंद आणि चढउताराचे. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर बारीक भुरभुरत अंगावर बसतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधारतं. खायला बटाटा, ओटची पेज, पाव. एकदा वर्गातल्या मुलीने विचारलं, "पीस आणलास का?" माझ्या डोळ्यांसमोर ब्लाउजपीस आला. तिथे पीस म्हणजे डब्यात आणलेला भरलेला पाव. ती हसली, मीही हसले. असे प्रसंग फोनवर आईला सांगायला बरे वाटायचे.

वर्गातले प्रसंग मात्र मी सांगत नसे. आमच्या मुख्य शिक्षिका आयर्लंडच्या, त्यांची वाक्यं शेवटाला जाऊन विरून जात. मी तास मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायची आणि खोलीवर येऊन एकेक मिनिट तीनदा ऐकायची. वर्गात प्रश्न विचारायची वेळ आली की गप्प बसायची. सारखं ‘पुन्हा सांगा’ म्हणायची लाज वाटे. मला येतं म्हणून तर इथे घेतलंय, मग येत नाही हे कसं सांगायचं? हळूहळू मला एक खोड लागली. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि तो हसला की हसायचं, तो थांबला की मान हलवायची. ही खोड इतकी सफाईने जमली की मला बरंच समजतं असं लोकांना वाटायला लागलं. मलाही वाटायला लागलं.

नोव्हेंबरात अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून मला एका वृद्धाश्रमात आठवड्याचे दोन दिवस, शुक्रवार-शनिवार, काम मिळालं. तिथली प्रमुख परिचारिका मॉरीन, जाडजूड, भरभर चालणारी. सगळ्यांना ‘हेन’ म्हणायची (बाईमाणसाला मायेने मारायची हाक, आपल्याकडच्या ‘गो’सारखी). पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, ही मला कोंबडी का म्हणते.

तिथे पेगी भेटली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, चाकाच्या खुर्चीत बसणारी, पांढऱ्या केसांची लहानखुरी बाई. ती उत्तरेकडच्या एका बेटावर जन्मलेली आणि तरुणपणी कामासाठी ग्लासगोत आलेली, जशी आमच्याकडच्या डोंगरातल्या कुडपण गावची माणसं मुंबईला जातात. म्हातारपणी विस्मरणाचा आजार जडला आणि साठ वर्षं बोललेलं इंग्रजी तिच्यातून हळूहळू पुसलं गेलं. तळाशी लहानपणीची गेलिक भाषा तेवढी उरली. आश्रमात ती भाषा कुणालाच येत नव्हती. मला मात्र पेगीजवळ बरं वाटे. बाकीचे तिचं बोलणं कळत नाही म्हणून गोंधळत. मला तर तिथे सगळ्यांचंच कळत नव्हतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी कामावर गेले तर मॉरीन औषधांची गाडी ढकलत घाईत निघाली होती. जाता जाता म्हणाली, "पेगी सहापासून ग्रीटिंग करतेय. जरा बघ तिच्याकडे." ग्रीटिंग म्हणजे अभिवादन, हे मला शाळेपासून ठाऊक. मी मान डोलावली. पेगीपाशी गेले तेव्हा ती शांत होती, डोळे ओलसर होते, पण म्हाताऱ्या माणसांचे असतातच. तिने माझा हात धरला आणि काही बोलली. मी रोजच्या नोंदवहीत लिहिलं: ‘सकाळी आनंदी. सर्वांना अभिवादन करत होत्या.’

दुपारी ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागली. "पिआन. पिआन." मॉरीन म्हणाली, "अगं, तिला पियानो हवाय." बैठकीच्या दालनात एक जुना पियानो होता. मी तिची खुर्ची तिकडे नेली. तिने पट्ट्यांना हात लावला नाही. मीच दोन-तीन पट्ट्या दाबल्या. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जुनं गाणं आठवलं असेल, असं मी समजले. शनिवारी सकाळी तेच झालं. मी पुन्हा तिला तिथे नेलं.

शनिवारी दुपारी तिच्या भावाचा फोन यायचा. डॉनल्ड ब्याऐंशी वर्षांचा, अजून बेटावर मेंढ्या पाळणारा. मी फोन स्पीकरवर टाकून पेगीच्या पुढ्यात धरला. ती बोलली. तिचा तो शब्द दोनदा आला. भाऊ थांबला आणि मला इंग्रजीत म्हणाला, "ती हे कधीपासून म्हणतेय?"

"कालपासून," मी म्हटलं. "तिला पियानो लागतो. आम्ही तिला तिथे नेतो."

मग एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला, "पियानो नाही, मुली. पिआन. आमच्या भाषेत पिआन म्हणजे दुखणं. माझी बहीण सांगतेय, तिला दुखतंय."

मी मॉरीनला शोधत धावले. डॉक्टर आले, रुग्णवाहिका आली. खुब्याच्या हाडाला बारीक तडा गेला होता. पलंगावरून खुर्चीत बसवताना कधीतरी गेला असावा. दीड दिवस ती आम्हाला सांगत होती आणि मी तिला पियानोपाशी नेऊन बसवत होते.

सोमवारी आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी नोंदवही मागवली आणि आम्हा दोघींना बोलावलं. मॉरीन माझ्या शेजारी बसून पानं उलटत होती. शुक्रवारच्या पानावर ती थांबली.

"आनंदी? हे कुठून आलं?"

"तुम्हीच म्हणालात, ती ग्रीटिंग करतेय."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्याकडे ग्रीट म्हणजे रडणं," ती म्हणाली. "ती सहापासून रडत होती. मी तुला तेच सांगितलं." चष्मा पुन्हा घालत ती पुढे म्हणाली, "पियानोचं मात्र मीच काढलं. तेही लिहायला हवं."

व्यवस्थापक बाईंनी दोघींकडून लेखी जबाब घेतला. मॉरीनने बाहेर मला सांगितलं की तू नवखी आहेस, परकी आहेस, तेवढं लिही, पुरे होईल. मी कागद घेऊन बसले. परकी असणं खरं होतं, पण कारण ते नव्हतं. कारण हे होतं की ‘ग्रीटिंग’ शब्द मला कळला असं मला वाटलं, आणि जिथे शंका आली तिथेही मी विचारलं नाही. तिचे ओले डोळे मी पाहिले होते. मी लिहिलं: ‘मला भाषा नीट समजत नव्हती आणि ते मी लपवत होते.’ अभ्यासक्रमातून काढतील, घरी परत पाठवतील, अशी भीती होती. काढलं नाही. पण महिनाभर मला मॉरीनच्या हाताखालीच, तिच्या समोरच, नोंदी लिहाव्या लागल्या. ते योग्यच होतं.

इस्पितळात पेगीला भेटायला मी रोज जायची. डॉनल्डने फोनवर मला काही शब्द शिकवले. ते मी देवनागरीत लिहून घेतले, कारण रोमन लिपीत त्यांचं स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच. उश्का म्हणजे पाणी. फुआर म्हणजे थंडी. खन येल म्हणजे नाही. पहिल्या दिवशी मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "पिआन?" तिने डोळे उघडले आणि ते माझ्या चेहऱ्यावर थांबले. मग ती खूप बोलली, भराभर, मला न कळणारं; ‘पिआन’ तेवढं ओळखू आलं. मी या वेळी मान डोलावली नाही. तिचा हात धरून बसले आणि तिला दुखतंय हे नर्सला जाऊन सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या छातीत कफ भरला. शेवटच्या दुपारी मी विचारलं, "पिआन?" ती म्हणाली, "खन येल." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिला बेटावर पुरलं. मी बसने आणि मग बोटीने गेले. वारा इतका की उभं राहताना पाय रोवावे लागत. झाड एकही नाही, नुसतं गवत, खडक आणि समुद्र. वाटेवर निम्मी घरं बंद, त्यांची माणसं शहरात. कुडपणच्या पठारावर अशाच कड्या लावलेल्या घरांसमोरून मी कितीदा गेले आहे. धर्मोपदेशक गेलिकमध्ये बोलले आणि मला एकही शब्द कळला नाही. डॉनल्ड पुढे आला, माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "तिच्याशी शेवटी कुणीतरी आमच्या बोलीत बोललं." मी त्याला सांगितलं की दीड दिवस उशीर माझ्यामुळेही झाला. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "मॉरीनने कळवलं मला." त्याने हात सोडला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मी परतले. मुंबईहून एसटीने निघाले. दासगावपाशी खिडकीतून सावित्री नदी दिसली, पावसाळ्यानंतरची, संथ. महाडच्या स्टँडवर गाडी बदलली. पोलादपूरच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर दोन बायका कुणाच्या तरी सुनेबद्दल आणि म्हशीबद्दल बोलत होत्या. सून चांगली होती, म्हैस मात्र लाथ मारत होती. मी ऐकत होते आणि काहीच करावं लागत नव्हतं. शब्द आपोआप आत येत होते. वर्षभर माझं कपाळ किती ताणलेलं होतं हे मला तेव्हा कळलं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि रडले.

घरी भातकापणी चालली होती. मीही विळा घेतला. दुपारी बांधावर भाकरी खाताना आईला पेगीची सगळी गोष्ट सांगितली. फोनवर कधीच सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुला कळत नाय, ह्ये तू मला पन कधी बोलली नायस."

"तुला काळजी वाटली असती."

"वाटली असती तर वाटली असती," आई म्हणाली. "काळजी करायलाच हाय मी." आणि ती उठून कापायला लागली.

आता मी पुन्हा महाडच्या दवाखान्यात आहे. परवा कुडपणकडची एक आजी आली. दात नाहीत, बोलणं जलद. तिने हात पुढे करून एका दमात काय होतं ते सांगितलं. शेवटचे दोन-तीन शब्द तेवढे मला कळले. बाहेर रांग होती. मान हलवून पुढचा कागद घेणं सोपं होतं.

"आजी, मला कळलं नाय," मी म्हटलं. "परत सांगा."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू हितलीच ना गो?"

"हितलीच. कापड्याची."

"मंग?"

"तरी पन सांगा."

तिने पदराने तोंड पुसलं, हात पुन्हा पुढे केला आणि सावकाश, पहिल्यापासून सांगायला लागली. तिचं संपेपर्यंत मी पेन उचललं नाही.