अम्मांच्या दारातली करमाडची चिंच

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर बाई राहायला आल्या. मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात; त्यानं त्यांना आंध्रातल्या गावाहून आणलं होतं. मुलगा-सून दिवसभर बाहेर. बाईंना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि मला तेलुगू येत नाही. मी त्यांना अम्मा म्हणायचो. त्यांचा एकच शब्द मला कळायचा, 'कूर्चो', म्हणजे बस. मी बसायचो.

सुरुवात चिंचेनं झाली. करमाडला आमच्या बांधावर चिंचेचं झाड आहे. उन्हाळ्यात आई पोतं पाठवते आणि ती चिंच फोडायला आमच्याकडं कुणाला वेळ नसतो. बायको म्हणाली, "शेजारी देऊन टाका, त्यांच्यात रोज लागते म्हणे." अम्मांनी दारातच वर्तमानपत्र पसरलं आणि वरवंटा घेतला. कामावरून येताना मी थांबलो, तर त्यांनी थोडा ढीग माझ्यापुढं सरकवला. मग रोजच थांबू लागलो. त्या फोडायच्या, मी चिंचोके काढायचो. त्या काहीबाही सांगत राहायच्या. मी मान हलवायचो.

वडील गेल्यापासून आईला आमच्याकडं राहायला यायचं आहे. ती सरळ म्हणत नाही. कुणाच्या मुलानं आईला शहरात नेलं, ते फोनवर सांगते. मी "बरं" म्हणतो. करमाड काही लांब नाही, तरी महिनोन्‌महिने जात नाही.

एका शनिवारी ती न कळवता आली. एका पिशवीत लुगडी, दुसरीत फडक्यात बांधलेले देव. देव आणले म्हणजे कायमची आली, हे मला तिथंच कळलं. मी अम्मांच्या दारात मांडी घालून बसलो होतो, बोटं चिकट.

"आपल्याच झाडाची दिसती," आई म्हणाली. अम्मांनी तिलाही 'कूर्चो' केलं. ती टेकली. "बाई, तुम्ही लई कामाला लावलं ह्याला. आमच्या अंगणात ह्यानं चिंचेला कधी हात लावला नाय."

अम्मा हसल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. आई त्या हाताकडं बघत राहिली.

"रोज बसतोस व्हय रं?"

"बसतो."

"काय बोलता?"

"काही नाही. मला त्यांचं कळत नाही."

आईनं दोन-चार चिंचोके काढले. "माझं कळतं, म्हणून येत नसशील," ती म्हणाली. रागानं नाही, हवापाण्याचं बोलावं तसं.

मी पुढचा चिंचोका काढला. ते खरं होतं.

रात्री तिनं ओट्याच्या कोपऱ्यात देव मांडले. सकाळी पुन्हा फडक्यात घेतले. "तिकडं दिवा कोण लावील," म्हणाली. त्या फडक्याची गाठ मारायला तिला फार वेळ लागला. तेवढ्यात मी "राहा" म्हणू शकलो असतो. बायकोही माझ्याकडं बघत होती. गाठ बसली आणि मी पिशव्या उचलल्या.

सिडको बसस्थानकावर तिला करमाडवरून जाणाऱ्या जालन्याच्या गाडीत बसवलं. देव तिनं मांडीवर घेतले. गाडी गेली. मला काहीच वाटलं नाही, आणि ते मी इथं लपवत नाही.

घरी आलो तर अम्मा दारातच होत्या. माझ्या मागं जिन्याकडं बघत त्यांनी काहीतरी विचारलं. आई कुठं, असंच असणार. मी नेहमीसारखी मान हलवली आणि खाली बसलो.