अडीच इंच उचललेली गाडी

आईचा पाय किती वर उचलतो हे न बघता मी घरातली एकुलती एक गाडी अडीच इंच उंच करून घेतली. वर तिचं दाराखालचं पायदानही काढून टाकलं.

कारण मला स्पितीला जायचं होतं. जालन्यात एका कचेरीत वीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवणारा माणूस, पट्टा शेवटच्या भोकात, आणि त्याला हिमालयात गाडी घालायची होती! दोष मोबाइलचा. जेवताना मी व्हिडिओ बघायचो. दगडगोट्यांच्या नदीत घातलेली गाडी, चाकांनी उडवलेलं पाणी आणि पलीकडे निघाल्यावर त्या दाढीवाल्या चालकाचं शांत हसू. मला ते हसू पाहिजे होतं. आधी दाढी वाढवून पाहिली. ती पांढरी आली. मग गाडीच्या मागे लागलो.

बदनापूरच्या अलीकडे हायवेला एक गॅरेज आहे. तिथल्या उस्तादांचा हात चांगला, असं ऐकून होतो. त्यांनी गाडीखाली जाऊन सगळं बघितलं, बाहेर आले, चिंधीला हात पुसले.

"जाना किधर है साब?"

"पहाड में."

"कब?"

"गर्मियों में."

"मंग आत्ता दसऱ्याच्या आधी कायची जल्दी?"

गाडी उंच झालेली बघायची घाई झाली होती, एवढंच. उस्तादांनी काम समजावून सांगितलं. पुढे उंच स्प्रिंगा, चारी बाजूंना जाड शॉकअप, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा, आणि टायर मोठे, खोल नक्षीचे. "लेकिन एक बात," ते म्हणाले, "हे पाटे सामानाचं वजन धरून घातलेले राहतात. खाली गाडी चलाएंगे तो उडेगी. टायरात हवा कमी ठेवा, अन् गतिरोधकावर बिलकुल सावकाश."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

मग मी पायदान काढायला सांगितलं. उस्ताद थांबले. "घर में कोई बुजुर्ग हैं?"

"आई आहे."

"तो रहने दो ना साब."

मी त्यांना समजावलं की पायदान दगडाला अडतं. ज्यांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या त्यांना मी मोबाइलवरचं ज्ञान देत होतो. घर ते कचेरी या माझ्या रस्त्यात अडण्यासारखा दगड नाही, एक पानटपरी तेवढी आहे. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, "ठीक है" म्हणाले आणि पाना लावला.

दसऱ्याला आई कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आली. दरवर्षी ती बॉनेटवर स्वस्तिक काढते. यंदा हात बॉनेटच्या कडेपर्यंतच पोचला. तिनं मग बंपरवर काढलं.

"लई उंच झाली रे."

"आता खड्डा कळतच न्हाई हिला," मी म्हणालो.

"हिला न्हाई कळत. आत बसणाऱ्याला?"

मी हसलो. बायको दारातून म्हणाली, "आईंना चढता येईल का?" मी म्हणालो, "येईल की. होईल सवय." चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना मी नव्या सवयी लावायला निघालो होतो.

आता मामाचं सांगायला पाहिजे. आईला एकच भाऊ, तिच्या पाठचा. शहागडजवळ गोदावरीच्या काठाला त्याचं गाव. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा याला माझ्या आईनंच कडेवर घेऊन वाढवलं, म्हणून सत्तरीतही तो तिला फोनवर "आक्का, जेवलीस का?" विचारायचा आणि ती त्याला "दूध पेलास का?" विचारायची. दर भाऊबीजेला तो आमच्याकडे यायचा. येताना वांगी आणायचा, कारण जालन्याच्या वांग्यांवर त्याचा विश्वास नव्हता. यंदा मात्र श्रावणापासून तो खाटेवर होता. एक बाजू गेलेली. जीभ जड, पण शुद्धीत. डॉक्टरांनी मामीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ज्यांना भेटायचं त्यांना बोलवून घ्या.

"यंदा मीच जाते त्याच्याकडं," आई म्हणाली. "माझं दुसरं काही म्हणणं न्हाई. बोलतोय तोवर मला त्याच्यासमोर बसव एकदा."

भाऊबीजेच्या सकाळी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, ओवाळायचं ताट कापडात बांधलं, डब्यात करंज्या भरल्या. बायकोचे भाऊ यायचे होते, म्हणून ती घरीच थांबली. मी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आई समोर उभी राहिली. तिनं पाय उचलला. तो अर्ध्यात थांबला. पुन्हा उचलला. मी प्लास्टिकचं स्टूल आणलं, ते डुगडुगलं. मी म्हणालो, उचलून बसवतो. ती म्हणाली, "गल्ली बघून राह्यली."

गल्ली खरंच बघत होती. शेजारच्या काकूंनी शेवटी गॅलरीतून सांगितलं, "अहो, बैलगाडी लावतात तशी ओट्याला लावा की!" मी हिमालयासाठी सजवलेली गाडी मागे-पुढे करत ओट्याला लावली आणि आई ओट्यावरून आत गेली. काकू म्हणाल्या, "सारथी चांगला मिळाला हो तुम्हाला." सगळे हसले. मीही हसलो.

टायरात हवा होती तेवढीच ठेवली होती. कमी हवेत गाडी रुबाबदार दिसत नाही.

अंबडपर्यंत आईनं तक्रार केली नाही. दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसली होती. मधे एकदा "हळू रे" म्हणाली. मी आरशात बघून म्हणालो, "आई, बघ तरी, रस्ता कळून राह्यला का?" तिनं हँडल आणखी घट्ट धरलं. मला वाटलं, कळत नसेल.

अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी दिसायला लागली. आमच्याकडे देऊळ दिसलं की गाडीत बसल्या बसल्या हात जोडतात. मी स्वतः स्टिअरिंग सोडून जोडतो, इतकी सवय. आईनं हँडल सोडलं, डोळे मिटले, दोन्ही हात जोडले. नेमका तिथं गतिरोधक होता. मला दिसला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहितो. दिसला होता, आणि गाडीला काही होत नाही हे आईला दाखवायचं म्हणून मी ब्रेक मारला नाही.

गाडीला काही झालं नाही.

मागे आई सीटवरून उडाली आणि खाली बसली. एवढंच. आदळलीसुद्धा नाही कशावर. पण तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी ऐकला नव्हता. मी गाडी कडेला घेतली. तिच्या कपाळावर घाम होता, ताटातलं कुंकू कापडातून बाहेर येऊन लुगड्यावर सांडलं होतं.

"चल पुढं," ती म्हणाली. मी शंभर पावलं गाडी चालवली असेल. मग म्हणाली, "न्हाई जमत रे. मागं घे."

जालन्यात एक्सरे काढला. मणका दबला होता. हाडं ठिसूळ, या वयात एका हिसक्यानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे पाठीवर. प्रवास बंद. "कशानं झालं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "न्हाणीत पाय घसरला."

हेच तिनं पुढे सगळ्यांना सांगितलं. भेटायला येणाऱ्या बायकांना, माझ्या बायकोच्या भावांना, आणि त्याच संध्याकाळी मामाला. बायकोनं निरांजन लावलं, मी मोबाइल धरला. आईनं पडल्या पडल्या हातानं पडद्यासमोर ताट फिरवलं. पलीकडे मामीनं मामाच्या डोक्यावर टोपी घातली होती.

"ताठ बस की जरा," आई म्हणाली.

"बसता आलं असतं," मामा जड जिभेनं म्हणाला, "तर मीच नसतो का आलो, आक्का?"

मग दोघंही आपापल्या खाटेवरून एकमेकांकडे बघत राहिले. मामा म्हणाला, "मंग कधी येतीस?" आई म्हणाली, "हे काय, उठले की आले." फोन धरून माझा हात भरून आला. खाली कसा घ्यावा ते कळेना.

मी उस्तादांकडे गेलो. सगळं पहिल्यासारखं करा म्हणालो. जुन्या स्प्रिंगा मी स्वतःच भंगारात टाकायला सांगितलं होतं. नव्या मागवायच्या तर दीड महिना. त्यांनी विचारलं, "अम्मी को लगा क्या?" मी मान हलवली. पायदान मात्र त्यांनी टाकलं नव्हतं, आतून काढून आणलं आणि त्याच दिवशी बसवून दिलं.

रोज आई दिवस मोजायची. चौथा आठवडा संपत आला, तेव्हा ती माझ्या आधारानं कुशीवर वळायला लागली होती. त्या सकाळी मामीचा फोन आला. मामा पहाटे झोपेतच गेला होता.

मी डॉक्टरांना विचारलं, ॲम्ब्युलन्समधून झोपवून नेऊ का? ते म्हणाले, धोका आहे, पण घरचे ठरवत असतील तर हळूहळू न्या. मी आईला येऊन सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून होती.

"आता कशाला?" ती म्हणाली. "मला बोलता भाऊ बघायचा होता. तू जा. मातीला उशीर करू नको."

मी निघालो. अंबडच्या गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवली. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, मी तरी हळूच चढवली, हळूच उतरवली. मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

मामाच्या दारात माणसं जमली होती. उंच गाडीच्या मोठ्या टायरांचा आवाज एवढा की सगळे वळले. मामी बायकांमधून उठून बाहेर आली. माझ्याकडे न बघता थेट मागच्या दाराशी गेली आणि काचेवर हाताचा आडोसा करून आत बघायला लागली.

"मामी, ती पडूनच आहे अजून," मी म्हणालो. "तिला येता न्हाई आलं."

तिनं काचेवरून हात काढला. चाकं बघितली, गाडी वरपासून खालपर्यंत बघितली, मग मला.

"आक्काला घरी ठिवून नुसती गाडी घिऊन आला व्हय रे?"