ट्यूबची पट्टी आणि आईचा हात

रबर ओढलं, दाबलं, पिळलं तर ते काय करेल, हे आधीच गणितानं सांगणं हे माझं पुण्यातलं काम. इंजिनाखालचे रबरी ठोकळे किती दबतील, किती टिकतील, ते आम्ही कॉम्प्युटरवर मांडून बघतो. माहेरी, चिखलीत, आईला याचं भारी हसू यायचं. "रबर ते रबर, त्याच्यात शिकाचं काय?" मग एक दिवस तिला लकवा मारून गेला, उजवा हात लुळा पडला आणि मी सुट्टी काढून आले.

डॉक्टरांनी रबरी पट्टी ओढायचा व्यायाम सांगितला. दुकानातली पट्टी तिला फार कडक झाली. मी म्हटलं, रबरातली मी एवढी शहाणी, मीच करते! बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडून नवी कोरी ट्यूब आणली आणि बोटभर रुंद पट्टी कापली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं आईच्या उजव्या मुठीत. रोज सकाळी ती ओढायची आणि मूठ जिथवर येईल तिथं मी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायची. रेघ कपाटापर्यंत पोचली की मी पुण्याला परत जायचं, असं आमचं ठरलं होतं. तिकडे माझी चार वर्षांची लेक नवऱ्याजवळ होती. रोज संध्याकाळी ती फोनवर विचारायची, "आई, आज येते?" आणि रडायला लागायची. आई शेजारी बसून सगळं ऐकायची.

रेघा भराभर पुढे सरकल्या. पंधरा दिवसांत कपाट आलं. मी मावश्यांना, शेजारणींना, दिसेल त्याला सांगत सुटले. तिकीटही काढलं.

निघायच्या आदल्या दुपारी पट्टीची गाठ नीट करताना मी सवयीनं ती ओढून पाहिली. मग पुन्हा एकदा ओढून पाहिली. नवं रबर पहिल्यांदा ओढताना अडतं. एकदा जिथवर ओढलं, तिथवर ते पुढच्या वेळी सहज येतं. म्हणून लॅबमध्ये आम्ही पहिल्या काही ओढी धरतच नाही, त्या फसवतात. आणि आईच्या बाबतीत मी नेमक्या त्याच धरल्या होत्या; हातात जोर आला असं मी समजत होते, सैल होत होतं ते रबर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण एवढ्यावर भागलं नाही. आधी ओढलं होतं त्या जागेच्या पुढे रबर पुन्हा नव्यासारखं अडतं. ही पट्टी शेवटच्या रेघेशी अडायला हवी होती. ती कपाट ओलांडून चांगली वीतभर पुढे मऊच येत राहिली. म्हणजे तिला कोणीतरी तिथवर ओढलं होतं. घरात आम्ही दोघीच, आणि मी ओढलं नव्हतं.

"आई, दुपारी मी झोपली का तू काय करते?"

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली माझी आई नव्हे. त्या दिवशी मात्र तिनं आधी "काई नाही" म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "डाव्या हातानं वढते. रोज थोडं थोडं. मंग सकाळी उजव्यानं सोपं जाते."

"पन काऊन?"

"तुयी लेक रडते वं फोनवर. मले आयकवत नाही. तुले नुसतं जा म्हटलं असतं तं तू गेली असती काय?"

मला आधी राग आला, मी आहेच तशी. चांगली ओरडले तिच्यावर. ओरडता ओरडता तोंडातून निघालं, "अन् मी कोनाची लेक हाव?" आणि मी हमसून हमसून रडायला लागले.

आईनं डाव्या हातानं माझे डोळे पुसले. मग उजवाही उचलला. तो थरथरत वर आला, माझ्या हनुवटीपाशी थांबला.

"इतकाच येते वं सध्या," ती म्हणाली.

मी तिकीट रद्द केलं. नवऱ्याला फोन लावून सांगितलं, बालवाडी बुडाली तर बुडू दे, लेकीला इकडेच घेऊन ये, या घरात एक तरी माणूस खरं बोलणारं पाहिजे.