कासव आणि दोन चहा

ती आमच्या कचेरीत आली तेव्हा मी नकाशे काढणाऱ्यांच्या खोलीत होतो. सगळे मला काका म्हणत, तीही म्हणू लागली. तिचं काम मला कळलं तेवढंच लिहितो. भार पडल्यावर लोखंडी भाग कुठे तुटेल हे आधीच काढायचं, तर संगणकात त्याचे बारीक तुकडे पाडतात, एकेका तुकड्याचं गणित मांडतात आणि सगळी जुळवून एकदम सोडवतात.

त्यासाठी जुना एक प्रोग्रॅम होता. वाऱ्यासारखा पळायचा, पण लिहिणारे गृहस्थ कधीच निवृत्त झाले होते आणि आत हात घालायची कुणाची छाती नव्हती. तिने नवा लिहिला, सरळ वाचता येईल अशा भाषेत.

"ही पोरांना शिकवायची भाषा," साहेब म्हणाले. "हिच्यावर क्रेनचा हूक टांगणार?"

जुन्याने हुकाचं उत्तर एका चहात, म्हणजे एक कप पिऊन होईतो, दिलं. तिचा प्रोग्रॅम मात्र जेवणाची सुट्टी संपली तरी रांगतच होता. कुणीतरी त्याला कासव म्हणालं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पडद्यावर नाव टाकलं : कासव.

"काका, सापडलं," एकदा ती म्हणाली. "मी त्याला एकेका तुकड्याच्या दारात पाठवत होते. जा, विचार, परत ये. गणित थोडं, हेलपाटेच फार."

मग तिने सगळे तुकडे एकाच गठ्ठ्यात दिले आणि जड गणित भाषेसोबत मिळणाऱ्या तयार, वेगवान भागावर सोपवलं. वेळ दोन चहांवर आली. त्याखाली काही उतरेना.

"तरी दुप्पटच," साहेबांनी निकाल लावला. "हे बंद करा आणि जुन्याच्या उत्तरांवर सह्या करा."

"सही नाही करणार."

"म्हणजे?"

"त्याने आत काय धरलंय ते मला वाचता येत नाही. तुम्हाला येतं?"

"मग नकाशांच्या खोलीत बसा, मॅडम."

"बसते. खुर्ची कुठली ते काकांना विचारते."

खुर्ची माझ्या शेजारची होती. ती दिवसभर नकाशे तपासायची आणि सुट्टीत डबा उघडण्याआधी कासव सोडायची. मला भीती वाटायची. म्हटलं, "पोरी, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"कासवही पाण्यातच राहतं, काका."

पुढे गिऱ्हाइकाने हुकाचा आकार बदलला. मान एका अंगाला जाड हवी होती. जुन्यात जाडी सगळीकडे एकच धरलेली निघाली, आणि ती कुठे बदलायची हे कुणालाच उमगेना. साहेब नकाशाची गुंडाळी घेऊन आमच्या दारात आले. आत यायचं की नाही, असे उभे राहिले.

"तुमचं ते… कासव. त्याला जमेल?"

तिने नकाशा उलगडला, कासवातल्या दोन-चार ओळी बदलल्या. "जमेल. सही माझी. आणि यापुढे बंद करा म्हणायचं नाही."

साहेबांनी मान डोलावली, पण नजर घड्याळाकडे गेलीच.

तिने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, साहेब. दोन चहा लागतील."