'आकाश' म्हटलं की टिक

कानताईच्या टेबलाच्या खणात इअरफोनच्या तीन जोड्या नांदत होत्या. एका घरात तीन सुना असाव्यात, तशा तिघींच्या तीन तऱ्हा. थोरली काळ्या प्लास्टिकची, जाड वायरची. पडली, आपटली, एकदा तर धुण्याच्या बादलीतून वर आली, पण कधी आजारी पडली नाही. आवाज मात्र उशीआडून कुणी बोलावं तसा. मधली दिसायला देखणी आणि आवाजाने धारदार. इतकी धारदार, की वाचणाऱ्याचा प्रत्येक 'स' कानात सुईसारखा शिरायचा. शिवाय हवा जरा दमट झाली की तिची उजवी बाजू रुसायची. मग तिला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, केसांच्या ड्रायरने तिची समजूत काढा.

धाकटी नवी होती. अंग धातूचं, वायर सुटी, दोन बारीक सुयांनी कवचात खोचायची. तिच्या स्पंजाच्या टोप्या चिमटीत दाबून कानात सोडल्या की फुगून कान असे गच्च बंद करायच्या, की स्वयंपाकघरातला मिक्सरही मुका व्हायचा. वाचणारा माणूस जणू समोरच्या खुर्चीत येऊन बसायचा. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती हीच.

कानताई हे तिचं खरं नाव नव्हे. बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या ऑफिसात तिला हे नाव पडलं. तिचं काम ऐकण्याचं. रेकॉर्ड झालेलं प्रकरण घरी आणायचं, छापील पान समोर ठेवायचं, आणि वाचणाऱ्याचा एखादा शब्द गळला, श्वास मोठा पडला, मागे कुठे दार वाजलं, की त्या ओळीसमोर शेरा लिहायचा. तिची एक पद्धत होती. वाचणाऱ्याच्या बरोबरीने तीही तोंडातल्या तोंडात सगळं म्हणायची, आवाज न काढता, पण तोंड पूर्ण उघडून, अगदी शब्द चावून चावून. त्यामुळे गळलेला शब्द तिच्या जिभेला आधी कळायचा, कानाला नंतर. सासूबाई म्हणायच्या, "काचेतल्या माशासारखी दिसतेस. बिचारा मासा निदान पोहतो तरी."

एकदा तिने रेकॉर्डिंगमध्ये मागच्या गल्लीतलं कबुतर पकडलं होतं, जे रेकॉर्डिस्टला मोठ्या स्पीकरवरही ऐकू आलं नव्हतं. तेव्हापासून ऑफिसात तिच्या कानापुढे कुणाचं काही चालेनासं झालं. अशी ख्याती मिळाली की माणूस सुखी होत असेल असं आपल्याला वाटतं. कानताईचं उलट झालं. आपल्या कानावर एवढा भरवसा आणि कानात घालायला ही असली सामग्री, या विचाराने ती सदानकदा करवादलेली असायची. भारी जोडी परवडणारी नव्हती, आणि स्वस्तातली जी जी कुणी वाखाणायचं ती घरी आल्यावर काहीतरी गुण उधळायची. लोकांचे अभिप्राय वाचून वाचून तिच्या नाकी नऊ आले होते. एकजण लिहायचा, 'खर्ज मखमली.' त्याखालचा दुसरा लिहायचा, 'खर्ज म्हणजे नुसता चिखल.'

"इथे लिहिलंय, मधले स्वर जरा मागे बसतात," ती एकदा नवऱ्याला वाचून दाखवत होती.

"मागच्या बाकावर? मग ते काही पास होत नाहीत," नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

"तुम्हाला चेष्टा सुचते. माझं अख्खं काम कानावर आहे."

"अगं, थोरली आहे ना? कधी बंद पडली का ती?"

"बंद पडत नाही एवढ्यावरच माणसाने खूश व्हायचं का?"

"मी तर त्यावरच खूश आहे," नवरा म्हणाला. सासूबाई हसल्या, तशी ती आणखीच चिडली.

तर अशा वेळी धाकटी घरात आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने टिक ऐकवली.

एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची मोठी कादंबरी तेव्हा वाचून घेणं चाललं होतं. वाचत होते मास्तर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर एकटे राहणारे, रेकॉर्डिंगच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधीच येऊन बाकावर बसणारे. आवाज असा, की समुद्र म्हटलं की पायाखालची फरशी हलावी. त्यांच्या वाचनात 'आकाश' आलं आणि कानताईला स्पष्ट ऐकू आलं, टिक. काडी मोडावी तसं. पुढे 'जहाज', टिक. 'पाणी', टिक. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा त्याच शब्दावर टिक. मग तिने थोरली घालून पाहिली, तर काही नाही. मधलीतही नाही, पण मधली कानात नीट बसायचीच नाही, लोंबकळायची नुसती.

'बघा,' ती मनात म्हणाली, 'म्हणजे इतकी वर्षं या दोघी मला फसवत होत्या.'

तिने विचार केला. टिक येते ती तोंड मोठं उघडणाऱ्या शब्दांवरच. मास्तरांना तर कवळी आहे. तोंड उघडलं की कवळी हिरडीवरून सुटत असणार आणि पुन्हा बसताना वाजत असणार. एवढं सरळ गणित. तिने शेरा लिहिला, 'वाचकाच्या दातांचा आवाज.' एका प्रकरणासमोर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

ऑफिसचा नियम असा, की सलग तीन प्रकरणं नापास झाली की वाचणारा बदलायचा. मग आधीचं सगळं रद्द, नवा माणूस पहिल्या पानापासून. रेकॉर्डिस्ट कुरकुरला. "ताई, मला नाही ऐकू येत. पडद्यावर आवाजाची रेषसुद्धा साफ दिसते."

"रेषेला कान असतात का? कबुतर तरी दिसलं होतं का तुमच्या रेषेत?"

ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी मास्तरांना बोलावून घेतलं. कानताई त्या दिवशी तिथेच होती.

"दात?" मास्तर म्हणाले. त्यांनी हात तोंडाशी नेला आणि मग खाली घेतला. "माझे वाजतात? वर्गात कधी कुणी बोललं नाही. आणि पोरं असलं काही सोडत नसतात हो."

"माईक जवळ असतो ना, मास्तर," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "बघू. एक नवा आवाज आलाय, त्याची चाचणी घेतोय. तोपर्यंत तुम्ही थांबा."

"जहाज बंदराला लावल्याशिवाय थांबायचं म्हणजे..." मास्तरांनी वाक्य सोडून दिलं. जाताना कानताईकडे बघून म्हणाले, "कान मात्र तयार आहे हं तुमचा." तिला वाटलं होतं ते रागावतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तिने चडफडत भाजी चिरली. मास्तरांसाठी तिचा जीव तुटत होता, आणि आपण चुकलो नाही याचा उलट अधिकच त्रास होत होता. त्यात धाकटीने गुण दाखवायला सुरुवात केली. सुया सैल झाल्या. डावीकडे मान वळवली की डावा कान जायचा, उजवीकडे वळवली की उजवा. ती फळीसारखी ताठ बसून ऐकायची.

दुकानदाराकडे गेली, तर तो म्हणाला, "वायर ओढली असेल तुम्ही."

"इअरफोनची वायर ओढायची नाही तर काय, तिची आरती करायची?"

"नवी वायर येईल ना. मागवतो."

"कधी?"

"येईल," दुकानदार म्हणाला, आणि मोबाईलला काच चिकटवू लागला.

त्याच आठवड्यातली दुपार. मास्तरांनी थांबण्याआधी वाचलेलं शेवटचं प्रकरण तिच्याकडे आलं होतं. जहाजावर वादळ, स्वयंपाक्याची भांडी इकडून तिकडे लोळतायत, मास्तरांचा आवाज चढलेला, आणि नेमक्या त्या वेळी धाकटीने दोन्ही कान सोडले. कानात पूर्ण शांतता. कानताईने वायर पिळली, सुया दाबल्या, फुंकर मारली. काही नाही. ती तशीच, टोप्या कानात, कपाळाला हात लावून बसली.

दारात सासूबाई दिसल्या. ओठ हलले, हातात चहाचं भांडं. शब्द ऐकू आले नाहीत, पण भांड्याला वेगळी भाषा लागत नाही.

"टाका," ती म्हणाली.

टिक.

ती दचकली. जोडी तर मेलेली. एरवी कुणाशी बोलायचं तर ती आधी एक टोपी कानातून काढायची. आज चिडीच्या भरात राहून गेलं होतं. तिने हळूच जबडा उघडला. "आ." टिक. डाव्या कानाच्या अगदी पुढे, गालाच्या हाडात. "ई." काही नाही. "ऊ." काही नाही. "आकाश," ती म्हणाली. "जहाज. पाणी. वारा." टिक, टिक, टिक, टिक.

सासूबाईंनी भांडं टेबलावर ठेवून तिच्या कपाळाला हात लावला आणि तिच्या कानातली एक टोपी उपटली. "काय गं, बरं वाटत नाही का? समुद्राच्या गोष्टीत बुडालीस?"

"आई, माझा जबडा वाजतो."

"मग? तो तर लग्न होऊन आलीस तेव्हापासून वाजतोय. जेवायला शेजारी बसलं की ऐकू येतो. सांगायचं काय त्यात, सुनेला कुणी असलं सांगतं का?"

कानताईने दुसरी टोपीही काढून हातात धरली. थोरली सैल बसायची, त्यामुळे तो आवाज बाहेरच्या बाहेर जायचा. धाकटीने कान गच्च बंद केला आणि हाडातला आवाज आत कोंडला. आणि ती दर वेळी मास्तरांबरोबर तोंड उघडत होती, म्हणून टिक दर वेळी नेमक्या त्याच शब्दावर. जगात कुणीही इतक्या काळजीपूर्वक चुकलं नसेल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे चोर फिर्याद लिहीत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ऑफिसात गेली. मॅडमनी ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कबुतर तरी खरं होतं ना?"

"कबुतर खरं होतं."

"मग मास्तरांना तुम्हीच सांगा. माझ्याच्याने व्हायचं नाही. आलेत ते, बाहेर बसलेत."

मास्तर बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर काहीतरी वेगळं. ती समोर येताच त्यांनी तोंडभर हसून दाखवलं. दात पांढरेशुभ्र, ओळीने, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

"करून घेतले नवे," ते म्हणाले. "म्हटलं, ताईंनी सांगितलंय ते उगाच नसणार. आभार मानायचे राहिले होते. मी आळसच करत होतो."

आणि त्या चार वाक्यांत तिला साध्या उघड्या कानांनी ऐकू आलं. टक. टक. नवी कवळी खरंच वाजत होती.

तिला रडावं की हसावं कळेना. तिने सगळं सांगितलं. धाकटी, स्पंजाच्या टोप्या, आपलं तोंड हलवणं, सासूबाई, सगळं. सांगताना 'आ' आला की तिचाच हात जबड्याशी जायचा. मास्तरांनी वर्गात उशिरा आलेल्याचं कारण ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे दात वाजत होते तुमच्या बाजूला," ते सावकाश म्हणाले, "आणि बदलले मी."

"जुनी कवळी आहे ना, मास्तर? टाकली नाहीत ना?"

"टाकतो कशाला. घरी आहे, वाटीत. तिच्याशी जमत होतं माझं." त्यांनी जीभ हिरडीवरून फिरवली. "ही नवी टोचते हो. पण म्हटलं, पुस्तक पुरं होईपर्यंत सोसू."

हे ऐकून तिला जे वाटलं ते कुठल्या शेऱ्यात बसणारं नव्हतं.

मॅडमनी नव्या आवाजाला दुसरं पुस्तक दिलं. मास्तर जुन्या कवळीसकट परत आले, आणि जुनी प्रकरणं होती तशी पास झाली. पण कानताईची चिडचिड काही संपली नाही. आता थोरली कानात, आवाज पुन्हा उशीआडून, आणि वर दातांत आडवी पेन्सिल, जबडा हलू नये म्हणून. तोंड बंद ठेवून ऐकायचं म्हणजे हात बांधून पोळी लाटणं. शब्द निसटायचे. एकेक पान दोनदा ऐकावं लागायचं. दुकानदाराची वायर अजून 'येईल' मध्येच होती. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "मासा गेला, आता घोडा आला. लगाम छान दिसतो."

शेवटचं प्रकरण आलं. जहाज बंदराला लागत होतं. मास्तरांचा आवाज उतरत उतरत किनाऱ्याच्या वाळूसारखा सपाट झाला होता, आणि थोरलीच्या उशीआडूनही तो पुरेसा होता. कादंबरीचं शेवटचं वाक्य संपलं. ती शेरा लिहायला वाकली, तेवढ्यात, रेकॉर्डिंग बंद व्हायच्या आधी, मास्तरांचा वर्गातला आवाज आला.

"मागच्या बाकावर कोण तोंड हलवतंय?"

कानताईने खाली पाहिलं. पेन्सिल केव्हाच मांडीवर पडली होती आणि तिचं तोंड उघडं होतं. ती कधीपासून त्यांच्याबरोबर म्हणत होती, तिलाच ठाऊक नव्हतं. तिने तोंड मिटलं, पेन्सिल उचलली, पुसली, आणि त्याच पेन्सिलीने शेरा लिहिला, 'शेवटचं वाक्य पुस्तकात नाही. काढावं.'

मग जरा थांबून खाली लिहिलं, 'एक प्रत मात्र ते वाक्य न काढता माझ्याकडे पाठवावी.'