पाणकणसातली जोडी

कपडे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या वहिनीला अख्खी गल्ली वहिनीच म्हणायची. खरं तर ती वहिनी होती वरच्या मजल्यावरच्या ताईची, म्हणजे थोरल्या नणंदेची. बाकीच्यांनी तो शब्द ताईकडून उचलला. ताई दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायची. लग्न केलं नव्हतं, आणि भावाच्या बायकोशी सुरुवातीला तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

ते निवळलं एका धनेशामुळे. गच्चीच्या कठड्यावर लांबड्या चोचीचा तो पाहुणा येऊन बसला, तेव्हा कपडे वाळत घालणाऱ्या दोघी हातातले चिमटे तसेच धरून उभ्या राहिल्या. "अगंबाई, नाक बघ त्याचं!" ताई म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून रविवारची सकाळ दोघींची. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे एक तळं होतं. थर्मासमधून चहा न्यायचा, एकच दुर्बीण आळीपाळीने डोळ्याला लावायची. पंख पसरून वाळवत बसणाऱ्या पाणकावळ्याला त्या हेडक्लार्क म्हणत. नवा पक्षी दिसला तर दिसला, नाही तर गप्पा होत्याच.

ताईच्या डॉक्टरांचा कारभार वेगळा. कुठे दुर्मिळ पक्षी आल्याचा फोन आला की ते पेशंटला उघड्या तोंडाने तसंच सोडून जातील की काय, अशी भीती. गाडी काढायची, मैलोनमैल जायचं, पक्षी डोळ्याखालून घातला की यादीतल्या नावापुढे टिक मारून परत. दोघींनी त्यांचं बारसं केलं होतं – टिकवाले.

"पक्षी बघतात की हजेरी घेतात?" वहिनी म्हणायची. ताई मान डोलवून हसायची.

त्या वर्षी वहिनीला तळ्याकाठच्या उंच पाणकणसात काहीतरी हललेलं दिसलं. वाळल्या पात्यांच्याच रंगाचा, मान आभाळाकडे ताणून खांबासारखा उभा राहणारा बगळ्याच्या जातीचा पक्षी. पुस्तकात चित्र होतं, पण या भागात तो कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. आणि एकटा नव्हता, जोडी होती. चोचीत काड्या धरून आत जात होती.

"ताई, घरटं करतायत. कुणाकडे बोलायचं नाही हं. डॉक्टरांना तर मुळीच नाही."

"वेडी आहेस का? तुझ्या गळ्याची शपथ."

वहिनीने नवऱ्यालाही सांगितलं नाही. शिवता शिवता मधेच एकटी हसायची, एवढंच.

मग एका मधल्या वारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती सकाळीच तळ्यावर गेली. कारखान्याच्या भिंतीलगत गाड्यांची रांग. काठावर माणसंच माणसं, तिकाट्यांवर लांबलचक कॅमेरे. एकाने मोबाईलवर त्या पक्ष्याचा आवाज लावला होता, पुन्हा पुन्हा. दुसरा गुडघाभर पाण्यात उतरून पाणकणीस बाजूला सारत होता. आणि सगळ्यांच्या पुढे, वहिनीनेच शिवून दिलेलं जाकीट घालून, ताई बोट दाखवत होती.

"यांनीच शोधलाय बरं का," डॉक्टर कुणाला तरी सांगत होते. ताईने ते ऐकलं. नाही म्हणाली नाही.

वहिनी हाक न मारता परत फिरली.

संध्याकाळी ताई दुकानात आली. "तू पाहिलंस म्हणे मला. थांबली का नाहीस?"

"शपथ कुणाची घेतली होती, ताई?"

"अगं, चेष्टेत बोलून गेले एकदा. मग डॉक्टर मागेच लागले. आणि पक्षी काय आपल्या मालकीचा आहे? गेल्या वर्षी नवा पक्षी दिसला म्हणून मी फोन केल्यावर तूसुद्धा दुकान बंद करून पळत आली होतीस. ते टिक मारणं नव्हतं?"

वहिनीने मशीन थांबवलं. "पळत आले होते, कारण तुम्ही बोलावलं होतं. तुम्हाला काय सापडलंय ते बघायला आले होते. पक्षी नसता तरी आले असते."

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं," म्हणत ताई जिना चढून गेली.

दोन्ही पक्षी गेले. तुडवलेल्या पाणकणसात अंड्यांची टरफलं राहिली. बाकीचं कावळ्यांनी संपवलं होतं. दवाखान्यात मात्र पक्ष्याचा मोठा फोटो लागला, खाली ताईचं नाव. नवरा कौतुकाने बघून आला. "ताईने नाव काढलं हं," म्हणाला. वहिनीने त्याला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

काही दिवस टिकवाल्यांनी ताईला गाडीतून हिंडवलं. मग सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नाही, तसे फोन थांबले. एका रविवारी ती खाली आली. "चल ना गं वहिनी, जाऊ या."

"तुम्ही जा, ताई. मला जमणार नाही." आवाज चढला नव्हता, म्हणून ताई दारात जास्तच वेळ उभी राहिली.

वहिनी आता अधूनमधून एकटीच जाते. परवा तळ्यावर एक खंड्या आपल्या पिल्लाला मासा भरवत होता, आणि पिल्लू तो पुन्हा पुन्हा पाण्यात पाडत होतं. वहिनीला हसू फुटलं. सवयीने ती बाजूला वळली, "बघा, बघा" म्हणायला. मग तोंड मिटून घेतलं आणि पिल्लाच्या पोटात मासा जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.