खुशालरावांनी निवडलेली हॅमस्टरची जोडी

माझे सासरे खुशालराव गावंडे, म्हणजे आमचे मामाजी, यांना स्वतःसाठी एक सदरा कधी धड निवडता आला नाही, पण बैल निवडावा तर त्यांनीच. बाळापूरच्या आसपासच्या गावांतले लोक बैलबाजाराला निघण्याआधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. चहा होईपर्यंत मामाजी तोंड उघडत नसत. मग बाजारात जाऊन जनावराचा जबडा उघडायचा, दात मोजायचे, खांद्यावर थाप मारायची, चार पावलं चालवून पाहायचं आणि निकाल द्यायचा. त्यावर अपील नव्हतं.

पुढे गावात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचे दात कोणी मोजत नाही. सहा वर्षं झाली, मामाजींना कोणी काही विचारलं नव्हतं. ते बोलून दाखवत नसत, पण आमच्याकडे अकोल्याला आले की भाजीच्या गाडीवरची वांगी उगाच उलटीपालटी करून पाहत आणि शेजारणींना न मागता सल्ला देत. मला आधी राग यायचा आणि मग वाईट वाटायचं.

मागच्या डिसेंबरात आमची दहा वर्षांची रागिणी त्यांना म्हणाली, "आबाजी, मले हॅमस्टर घ्याचा आहे. तुमी निवडून द्या."

मामाजींनी आधी टोपी घातली आणि मग विचारलं, "थे काय असते?"

"उंदरावानी, पन गुबगुबीत," रागिणी म्हणाली.

पाळीव प्राण्यांचं दुकान अनुप तायडेचं. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. "काका, हे सिरियन. अंगानं मोठे, हातात धरायले सोपे, पन एकटेच राहतात. हे बुटके. यायचं कधी कधी जोडीनं जमते, पन हाती लागत नाहीत. लहान पोरीसाठी सिरियन घ्या. एकच घ्या."

"बरं. याच्या जोडीचा दुसरा काढ," मामाजी म्हणाले.

"काका, एकच."

"भाऊ, एका बैलानं वखर चालते का?"

अनुपने माझ्याकडे पाहिलं. मी माशांच्या टाकीकडे पाहिलं. सासरा आणि जनावर यांच्या मध्ये जावयाने पडू नये, एवढी अक्कल मला लग्नातच आली होती.

मग तपासणी सुरू झाली. मामाजी पहिल्याचा जबडा उघडायला गेले आणि त्याने त्यांचं बोटच धरलं. "चौदाती आहे, चार दाताचा," रक्त पुसत ते समाधानाने म्हणाले. मग त्यांनी शेपूट शोधली. ती नावापुरतीच निघाली. "हा माश्या कशानं हाकलते?" त्यांनी अनुपला विचारलं. पाठीवर अशुभ भोवरा नाही ना, ते पाहून झालं. काउंटरवर चालवून झालं. दुसऱ्याचे गाल सुजलेले दिसले म्हणून "याले गालफुगी झाली, बदल" असं म्हणेपर्यंत त्याने गालातून अकरा सूर्यफुलाच्या बिया काढून समोर मांडल्या. मामाजींनी त्या मोजल्या. मग म्हणाले, "घर भरनारं जनावर आहे. हाच पाहिजे."

एका रंगाचे, एका उंचीचे दोन नर घेऊन आम्ही निघालो. अनुप दारापर्यंत आला. "लहान आहेत म्हून आता संगं आहेत. महिन्याभरात एकमेकाले फाडतीन."

"जुवाले लागले का सुतासारके सरय होतात," मामाजी म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात मारामाऱ्या सुरू झाल्या. गावी परतायचं सोडून मामाजी आमच्याकडेच थांबले. काही बैल डाव्या अंगाला चालतात, काही उजव्या, म्हणून ते दोघांच्या जागा बदलत बसले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. दोघेही दोन्ही बाजूंनी चावत होते. एका सकाळी एकाचा कान फाटलेला दिसला. रागिणी रडायला लागली, आणि अकरा वर्षांत मला जे म्हणायची हिंमत झाली नव्हती ते माझी बायको दामिनी म्हणाली, "बाबा, तुमाले यातलं काही समजत नाही."

मामाजी उठले. बाल्कनीत जाऊन बसले आणि मला बाळापूरच्या गाडीची वेळ विचारली. दामिनीचं ते वाक्य ऐकायला मी किती वर्षं टपलो होतो. ऐकलं तेव्हा मात्र मी गाडीची वेळ ठाऊक नाही म्हणालो.

मी दुसरा पिंजरा आणला, दोघांना वेगळं केलं. दामिनीने सांगून टाकलं की घरात एकच राहील. रागिणी डोळे पुसत बाल्कनीत गेली.

"आबाजी, यातला कोनता ठेवू?"

"तुया मायले विचार."

"मी तुमाले विचारून राहिली."

मामाजींनी टोपी घातली. मग उठून हात धुतले आणि दोन पिंजऱ्यांसमोर जमिनीवर बसले. या वेळी त्यांनी कोणाला बोट लावलं नाही. "दोघायच्या पुढं हात ठेव. ओढू नोको," एवढंच म्हणाले. अर्धा तास गेला. एक कागदाच्या तुकड्यांत घुसून बसला. फाटक्या कानाचा हळूहळू आला, तिचं बोट हुंगलं, तळहातावर चढला आणि निवांत तोंड धुवायला लागला.

"हा तुया," मामाजी म्हणाले. "दुसरा मी नेतो. निवडला मी आहे."

आठ दिवसांनी गावाहून फोन आला.

"जवाईबापू, सरपंच आला होता पिंजरा पाहाले. त्याच्या नातीले घ्याचा आहे. कोनता घेऊ म्हून मले विचारत होता."

"मग काय सांगितलं?"

"सांगतलं, दुकानदार काय म्हनते थे आधी आयक. पन म्हटलं, जाशीन तवा मले संगं ने."